वाचक विचारतात : कुंडाला कुलूप कशाला?

प्रश्न : मे महिन्यात इंग्लंडला नॉर्विचला मुलीकडे गेलो होतो, जावईबापूंनी गाडी काढून आसपासच्या खेड्यांतली जुनी चर्च दाखवली. जिथे जाऊ तिथे दारातून आत शिरलं की बाप्तिस्म्याचं (बाळाला पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याच्या विधीचं) भलंमोठं दगडी कुंड. एकाच्या काठावर समोरासमोर दोन जागी दगड फुटलेला, आत गंजकं लोखंड अडकलेलं. जावई म्हणाले, पडलं-बिडलं असेल. आणि बर्नहॅम डीपडेल गावच्या चर्चमधल्या कुंडावर तर संत वगैरे सोडाच, माणूस चक्क डुक्कर मारतोय! हा काय प्रकार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जावईबापू चुकले (त्यांना सांगू नका). ते कुलपाचे व्रण आहेत. त्या काळी बाळाच्या कपाळाला नुसतं पाणी लावून भागायचं नाही, बाळाला कुंडात बुडवायचे, म्हणून ते एवढं मोठं, आणि दगडात पाणी मुरू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा. पाणी ईस्टरच्या आदल्या रात्री आशीर्वाद देऊन पवित्र करायचे आणि पुढे कितीतरी दिवस तेच वापरायचे. आता एवढं पवित्र पाणी उघड्यावर म्हटल्यावर लोक सोडतायत होय, जादूटोण्यासाठी चोरून न्यायला लागले. आपल्याकडे अंगारा पुडीत बांधून नेतात तसंच, फक्त अंगारा पुजारी स्वतः देतो. शेवटी 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत वरचे धर्मगुरू, एडमंड यांनी हुकूम काढला की कुंडावर झाकण हवं आणि त्याला कुलूप हवं. मग काठात भोकं पाडून त्यात लोखंडी कड्या शिसं ओतून पक्क्या केल्या, आणि पुढे कधीतरी त्या उपटल्या तेव्हा दगडाचे टवके उडाले. जुनं पाणीसुद्धा बाहेर फेकायचं नाही हं, तळाच्या भोकातून थेट खालच्या जमिनीत.

डुकराचं म्हणाल तर तो नोव्हेंबर! बर्नहॅमचं चौकोनी कुंड बाराव्या शतकातलं, तीन बाजूंना चार-चार असे बारा महिने आणि प्रत्येकात त्या महिन्याचं काम. मार्चमध्ये गडी कुदळ-फावडं घेऊन खणतोय, जुलैत गवत कापतोय, थंडीच्या तोंडावर डुक्कर कापून मांसाची बेगमी आणि डिसेंबरात टेबलाभोवती बसून जेवण. ही चित्रं तेव्हा युरोपभर चालायची, आणि ज्यांची पोरं इथे बुडवायची ते सगळे शेतकरीच की. माझा लाडका मात्र फेब्रुवारी. काही काम नाही, गडी नुसता बसून पाय शेकतोय.