मुलाला आजीकडे परत पाठवू का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, तुम्ही पीआर (कायम राहायची परवानगी) घेऊन मागच्या ऑगस्टमध्ये बडोद्याहून कॅनडात ब्रॅम्प्टनला गेलात, मुलगा १५ वर्षांचा, इथे इंग्लिश मिडियमला नेहमी पहिल्या पाचात, आणि तिथे दहावीत त्याला ईएसएलच्या, म्हणजे इंग्लिश दुसरी भाषा म्हणून शिकवतात त्या वर्गात बसवलं, तेव्हापासून पोरगा घुमा झालाय, डबा एकटाच खातो, सात वर्षांची बहीण मात्र फाडफाड बोलते. म्हणून विचारताय की त्याला दांडिया बाजारात आजीकडे ठेवून अकरावी-बारावी सायन्स आणि जेईई इथून करावं का.

नका पाठवू, ताई. दोन वर्षं आईबाबांशिवाय राहायचं, आणि मग १८ व्या वर्षी तिथे जाऊन हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कॅनडात अ‍ॅडमिशनला जेईई लागतच नाही, तुमच्या ओंटारिओ प्रांतातल्या युनिव्हर्सिटी साधारण बारावीचे सर्वांत चांगले सहा कोर्स बघतात.

आणि बहिणीशी तुलना आजपासून बंद, प्लीज. तिला खेळण्यापुरती भाषा लागते, याला फिजिक्सचा रिपोर्ट आणि निबंध लिहायचाय. टोरांटो युनिव्हर्सिटीच्या जिम कमिन्सनी स्थलांतरित मुलांवरच काम केलंय, ते सांगतात की बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला ५ ते ७ वर्षं लागतात. तुमच्या मुलाला अजून सहा महिनेपण झाले नाहीत हो! घरी मराठीच बोला, ती पक्की असली की दुसऱ्या भाषेलाही आधारच होतो, हेही त्यांचंच म्हणणं.

ईएसएलचा कमीपणा वाटून घेऊ नका. डिप्लोमाला, म्हणजे तिथल्या बारावी पासच्या सर्टिफिकेटला ३० क्रेडिट लागतात, त्यात इंग्लिशचे ४, आणि त्यातले ३ पर्यंत ईएसएलचे चालतात, फक्त चौथा बारावीच्या इंग्लिशचाच हवा. मला खरी काळजी मॅथ्सची आहे. दहावीचं मॅथ्स अकॅडेमिक दिलंय की त्याहून सोपं अप्लाइड, हे उद्याच शाळेच्या गायडन्स काउन्सेलरला भेटून विचारा. भाषा कच्ची म्हणून मॅथ्सपण सोपंच देऊन टाकलं असेल तर अकरावीचं युनिव्हर्सिटीवालं मॅथ्स, म्हणजे फंक्शन्सचा कोर्स, सरळ घेता येत नाही, ते नाही तर बारावीचं कॅल्क्युलस नाही, आणि मग इंजिनिअरिंगचं दार मुलाच्या हुशारीचा काही संबंध नसताना बंद होतं. ह्या एका गोष्टीत संकोच करू नका, ठामपणे बोला.

डब्याचं म्हणाल तर मित्र आपण आणून देऊ शकत नाही, पण ब्रॅम्प्टनमध्ये क्रिकेट भरपूर आहे, बॅट हातात आली की बोलायला विषय मिळतो. डिप्लोमासाठी ४० तास समाजकार्य करावंच लागतं, शाळेला विचारून ते एखाद्या मराठी मंडळात करू द्या, तिथे तरी तो मोकळा बोलेल.

आणि त्याला सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगा, बडोद्याच्या पोराला ती कळेल. १८७५ मध्ये १२ वर्षांचे असताना कवळाणे गावच्या शेतातून दत्तक म्हणून थेट राजवाड्यात आले, अक्षरओळखसुद्धा नव्हती, आणि कारभार हातात आला १८८१ मध्ये. मधली सहा वर्षं शिकण्यातच गेली, आणि ती त्यांना मिळाली.

अकरावीच्या कोर्स सिलेक्शनचा फॉर्म बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास येईल. भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा, आणि शक्य असेल तर मुलालाच फोनवर बोलू दे, मराठीत.