एक भरती, एक ओहोटी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबत जोडलेला शनिवारचा आराखडाही पाहिला. सकाळी ब्लॅकपूल, दुपारी लिदम, संध्याकाळी लिव्हरपूल, आणि प्रत्येक नावापुढे मोजून दिलेले तास. त्याखाली तू दोन शंका लिहिल्या आहेस. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना एका दिवसाच्या मौजेवर पैसे घालावेत का, ही पहिली. आणि घालायचेच असतील तर, ज्या ब्लॅकपूलचे नाव काढताच वर्गातली इंग्रज मुले नाक मुरडतात त्याच समुद्रकाठच्या गावी का जावे, ही दुसरी. पहिली शंका तुझ्या घरच्या वळणाची आहे आणि तिचा मला आदर वाटतो. दुसरीने मी थोडा चिडलो, आराखड्याने त्याहून अधिक चिडलो, आणि म्हणून हे पत्र लांबणार आहे.

माझे म्हणणे एकच आहे. समुद्रकाठच्या गावी एका दिवसासाठी जायचे असेल, तर तेथली एक भरती आणि एक ओहोटी पाहिल्याशिवाय परतीच्या गाडीत पाय ठेवू नये. दोहोंमध्ये साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. तेवढा वेळ गावात काढायचा म्हटला की यादीतले सगळे संपून जाते, आपण नुसतेच हिंडू लागतो, आणि खरी सहल तेथून पुढे सुरू होते. ब्लॅकपूलला तर हा नियम अधिकच लागू आहे, कारण उधाणाच्या दिवसांत तेथे पाण्याच्या पातळीत आठ मीटरांच्या आसपास फरक पडतो. मुंबईला तो मोठ्या उधाणातही पाच मीटरांच्या आतबाहेर असतो. ओहोटीला पाणी इतके मागे हटते की समुद्रात घुसलेल्या धक्क्यांचे लोखंडी खांब बुडापर्यंत उघडे पडतात, त्यांवरचे शिनाण्यांचे थर दिसू लागतात आणि चालणाऱ्या माणसाला ओल्या वाळूचा कंटाळा येईल एवढे मैदान पुढे पसरते. भरतीला त्याच जागी वाळूचा कणही दिसत नाही. लाटा सरळ भिंतीच्या पायऱ्यांवर आपटतात आणि पश्चिमेचा वारा असला तर खारे तुषार रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडावर येतात. अकराला पोहोचून एकला निघणाऱ्याने यांपैकी एकच काहीतरी पाहिलेले असते, आणि तरीही तो घरी जाऊन सांगतो की ब्लॅकपूल पाहून झाले.

वेळा कशा जुळवायच्या तेही सांगतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात, हे तू घरी ऐकलेच असेल. ब्लॅकपूल ज्यात येते त्या लॅंकेशरच्या किनाऱ्यावरही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपासच येते. मी हा हिशेब छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिला आहे. तासाभराचा फरक सोडला तर तो चालतो. तू निवडलेला शनिवार कोजागरीच्या लगतचा आहे. म्हणजे दुपारी भरती, दिवस मावळताना ओहोटी आणि त्यानंतर दिव्यांची रोषणाई, असा दिवस तुला पंचांगानेच बांधून दिला आहे. आणि तू त्यातल्या दुपारी लिदमची गाडी धरणार आहेस! वाळूवर उतरताना मात्र पंचांगावर विसंबू नकोस. त्या दिवसाचे छापील वेळापत्रक पाहा, कारण सपाट किनाऱ्यावर वळलेले पाणी वाटते त्यापेक्षा लवकर पाठीमागून येते.

आता तुझ्या मित्रांच्या नाक मुरडण्याविषयी. १८४६ साली ब्लॅकपूलला रेल्वे पोहोचली आणि लॅंकेशरच्या गिरणी कामगारांना समुद्र सापडला. ओल्डम, बोल्टन, बर्नली अशा एकेका गिरणीगावाला वर्षातला एक आठवडा ठरवून दिलेला असे. मूळची ती चर्चची जत्रा. पुढे त्या आठवड्यात गावातल्या गिरण्या बंद ठेवून बॉयलर साफ करीत, यंत्रे दुरुस्त करीत, आणि गाव समुद्रावर जाई. पगार मिळत नसे. वर्षभर बचत मंडळात दर आठवड्याला काही पेन्स टाकून लोक या सुट्टीचे पैसे साठवीत. पगारी सुट्टीचा कायदा झाला तो १९३८ साली. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांची सुट्टी म्हणजे शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात जाणे. चाळीतले शेजारी ज्याच्या त्याच्या गावाला पांगत. इथल्या कामगारांचे नेमके उलटे होते. गल्लीतले शेजारी समुद्रावरही शेजारीच असत, कारण सगळी गल्ली एकाच गाडीने गेलेली असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला १० जून १८९० रोजी यश आले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे तुला मी सांगायला नको. सुट्टीचा दिवस कोणीतरी झगडून मिळवलेला असतो, हे आपल्या घरांना पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. (ब्लॅकपूलच्या वाळूवर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांनासुद्धा १९४२ पासून शुक्रवारची सुट्टी नियमाने ठरलेली आहे, आणि दुपारच्या जेवणाची एक तासाची विश्रांतीही. आमच्या खात्यात ती विश्रांती कागदावरच असे.) ज्या गावाने कामगाराच्या या कमावलेल्या दिवसासाठी तीन धक्के, नाचगृहे, नाट्यगृहे आणि १५८ मीटर उंचीचा मनोरा उभारला, ते गाव हलके आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्या आजीला विचारून ये म्हणावे. बहुतेकांच्या आज्या तेथे नाचलेल्या असतात.

गाव उतरले आहे, हे खरे आहे. विमाने स्वस्त झाली आणि लोक स्पेनच्या उन्हात जाऊ लागले. कुटुंबांना आठवडाभर ठेवून घेणारी घरगुती खानावळवजा निवासगृहे ओस पडली, आणि त्यांत लहान लहान खोल्या करून त्या कमी भाड्याने दिल्या गेल्या. २०१९ च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित अशा दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलच्या होत्या. समुद्राकडे पाठ करून दोन गल्ल्या आत चाल म्हणजे तुलाही ते दिसेल. चाल, पण तेथे छायाचित्रे काढत बसू नकोस. गिरण्या मिटल्यावर लालबागच्या चाळींची छायाचित्रे काढणारे लोक आम्हांला कसे वाटत, ते मला आठवते. ही वस्ती पाहायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या तासांतूनच निघतो. आराखड्यात त्याला रकाना नसतो.

मी मँचेस्टरला वस्त्रतंत्राच्या शिक्षणासाठी आलो तेव्हा गिरण्या मिटत आल्या होत्या, पण मागांवर आयुष्य काढलेल्या बायका अजून कामावर होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या ब्लॅकपूलच्या घरमालकिणींच्या गोष्टी सांगत. पाहुण्यांनी आपले मांस-भाजी आपणच विकत आणायची, मालकिणीने ती फक्त शिजवायची; टेबलावरच्या मीठ-मिरीचे पैसे वेगळे; न्याहारी झाली की बाहेर पडायचे आणि पाऊस असो वा वारा, संध्याकाळच्या जेवणापर्यंत परत फिरकायचे नाही. मी हसून मान हलवीत असे आणि माझे लक्ष चाचणी-अहवालात असे. त्यांतल्या आता कोणी राहिल्या नाहीत. मी एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही, याची रुखरुख मला आजही आहे. पण माझा नियम आला आहे तो त्यांच्याकडूनच. संध्याकाळपर्यंत घरात शिरायला बंदी असल्यामुळे त्या बायकांनी लहानपणी रोज एक भरती आणि एक ओहोटी पाहिलेली होती.

या नियमापायी मला हट्टी म्हणतात, तेही तुझ्या कानावर आले असेल. एकदा आमच्या खात्याची सहल तेथे गेली असता बस चारला निघणार होती आणि पाणी अजून उतरत होते. मी बसमध्ये चढलो नाही, रात्रीच्या गाडीने एकटा आलो, आणि पुढे कितीतरी दिवस चेष्टेचा विषय झालो. माझी मुले तर माझ्याबरोबर समुद्रावर यायलाच तयार नसतात. नसू देत. चारला परतलेल्यांनी त्या दिवशी काय पाहिले ते मी त्यांना नंतर विचारले होते. सर्वांनी पावसाचेच वर्णन केले. पाऊस पाचला थांबला होता.

पैशांचे म्हणशील तर गणित सोपे आहे. तरुणांचे रेलकार्ड काढलेस की भाड्याचा एक-तृतीयांश भाग वाचतो. मँचेस्टरहून बोल्टन, प्रेस्टनमार्गे ब्लॅकपूल नॉर्थला थेट गाडी जाते आणि सुमारे सव्वा तास घेते. बोल्टनला ज्या रुळांचा फाटा फुटतो, ते डार्वेनला जातात. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ लागलेल्या कामगारांना भेटायला गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात तेथे गेले होते, आणि त्या कामगारांनीच त्यांचे स्वागत केले. डबा घरून ने. दशम्या आणि चटणी बाकावर बसून खाण्यात संकोच वाटू देऊ नकोस, त्या गावाला घरून बांधून आणलेल्या शिदोरीची सवय आहे. बटाट्याच्या चिप्स घ्याव्याशा वाटल्या तर कशात तळतात ते आधी विचार, कारण उत्तरेकडच्या कित्येक जुन्या दुकानांत अजून गाईची चरबी वापरतात. आणि घेतल्यावर कागद झाकून धर, सीगल पक्षी हातातून उचलतात.

तिकीट एकाच गोष्टीचे काढ, ते मनोऱ्याच्या पोटातल्या नाचगृहाचे. पॅरिसचा आयफेल मनोरा पाहून भारावलेल्या जॉन बिकरस्टाफ या महापौरांनी हा मनोरा उभारण्यात पुढाकार घेतला आणि तो १८९४ मध्ये खुला झाला. टोकावर चढण्याच्या तिकिटाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. समुद्र खालूनही दिसतो. नाचगृह मात्र फ्रँक मॅचम यांच्या रचनेचे, १८९९ सालचे, सोनेरी नक्षीने मढवलेले आहे, आणि दुपारी तेथे वुर्लित्झर ऑर्गनवर सत्तरी-पंच्याहत्तरीची जोडपी वॉल्ट्झ नाचतात. वर सज्ज्यात चहा घेऊन बस. रेजिनाल्ड डिक्सन यांनी १९३० पासून १९७० पर्यंत तेथला ऑर्गन वाजवला, म्हणजे खाली नाचणाऱ्या कित्येकांनी ऐन तारुण्यात त्यांच्याच वादनावर पाऊल टाकले असणार. दुपारच्या भरतीत वाळू नसते, तेव्हा हीच जागा बरी. प्लेझर बीच या करमणूक-बागेतले झोके-पाळणे तुला खुणावतील. ते पैसे आणि दिवस दोन्ही गिळतात, ते दुसऱ्या खेपेला ठेव.

तेथून उत्तर धक्क्यावर जा. १८६३ सालचा हा धक्का तिघांत जुना आणि सर्वांत निवांत आहे. पाणी पायाखालून निघून जाताना पाहायचे ते याच्या टोकावर उभे राहून. फळ्यांच्या फटींतून खाली हिरवे पाणी, मग फेस, मग वाळू असा बदल होत जातो आणि त्याला दोन-तीन तास लागतात. मधून ट्राममध्ये बसून फ्लीटवुडपर्यंत जाऊन आलास तरी चालेल, विजेवरची ही ट्राम १८८५ पासून धावते. दिवस मावळला की रोषणाई लागते. १८७९ मध्ये, एडिसनला दिव्याचे पेटंट मिळण्याआधी, या गावाने समुद्रकाठावर आठ आर्क दिवे, म्हणजे विजेच्या ठिणगीने उजळणारे दिवे, लावून गर्दी जमवली होती. आज ती रोषणाई दहाएक किलोमीटर पसरते. ती भडक आहे, असे तुझे मित्र सांगतील. आहेच. आठवडाभर सुताच्या धुळीत राहिलेल्या माणसांसाठी ती लावली होती, आणि त्यांना फिकट रंग पाहायला एवढ्या लांब यायचे नव्हते.

लिव्हरपूलला अवश्य जा, पण वेगळ्या शनिवारी. तेथे नदी आहे आणि तिलाही भरती-ओहोटी असते, तेव्हा तो दिवसही पुरा द्यावा लागेल. लिदमची गाडी ब्लॅकपूल साउथ स्थानकावरून सुटते. या खेपेला त्या दिशेला फिरकूच नकोस. परतीचे तिकीट ठरावीक गाडीचे न काढता कोणत्याही गाडीला चालेल असे काढ, म्हणजे चारला पाऊस पडत असला तरी तुझे पाय स्थानकाकडे वळणार नाहीत. वाऱ्याचा कोट आणि पायमोज्यांचा जास्तीचा जोड जवळ ठेव. नवा आराखडा पाठवण्याची गरज नाही. गाडी कोणती धरतोस तेवढे कळव, भरतीची नेमकी वेळ मी पाहून ठेवतो.

अधिक काय लिहावे. घरी आईबाबांना नमस्कार सांग.

हे आशीर्वाद,
तुझा काका