पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या धाकट्याला

विषय निवडलास, बरं केलंस. आता पेपर वाचण्याआधी काही आठवडे गोठ्यात काढ. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसत नसतील, तर आहारातला तंतुमय भाग आधी तपास.

रुमेनचा, म्हणजे गायीच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा, द्रव प्रयोगशाळेत आणताना थर्मास आधी गरम पाण्याने भरून ठेव. 39 अंश सांभाळायचे आणि हवा लागू द्यायची नाही, कारण आतल्या बहुतेक सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन सोसत नाही. थंड थर्मासपायी माझी अख्खी बॅच वाया गेली होती. गाईड दोन दिवस बोलले नाहीत.

प्रबंधाला विषय परदेशी जर्नलमधून उचलू नकोस, आपल्या बांधावर ढीगभर पडलेत. उसाचं वाढंच, म्हणजे उसाचा हिरवा शेंडाच, घे. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तरी गाळप हंगामभर जनावरापुढे तेच पडतं. चुन्याच्या निवळीने किती फरक पडतो, हे नीट मोजून दाखव. चारच गायी मिळाल्या तर लॅटिन स्क्वेअर मांड, म्हणजे प्रत्येक गायीला आळीपाळीने प्रत्येक आहार दे, पण संख्याशास्त्रवाल्या सरांना प्रयोगाआधी भेट. नंतर भेटलास तर ते फक्त हळहळतील!

पीएच.डी.ला कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था) किंवा बंगळूरची एनआयएएनपी (पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्राची राष्ट्रीय संस्था) बघ. नेट परीक्षेची तयारी आत्तापासून धर.