नेलपेंट लावलं म्हणजे नॉनबायनरी का?

प्रश्न : मॅडम, मुलगा अकरावीला आहे. केस वाढवलेत, बोटांना काळं नेलपेंट लावतो. मामा म्हणतो हे नॉनबायनरीचं खूळ. खरंच तसं असेल का? – एक आई, विजापूर रोड

उत्तर : ताई, नेलपेंटवरनं एवढंच कळतं की त्याला नेलपेंट आवडतं. आपल्याकडं पुरुष भिकबाळी घालत आलेच की, आणि रोज जीन्समध्ये फिरणारी पोरं सोलापूरच्या गड्डा यात्रेला बाराबंदी घालून नंदीध्वजामागं चालतात, म्हणून काय ती वेगळी माणसं होतात का. नॉनबायनरी म्हणजे स्वतःला पूर्ण मुलगा किंवा पूर्ण मुलगी न मानणं, ते आत असतं, केसांवरनं ओळखू येत नाही. तुमचा मुलगा तसा असेल किंवा नसेलही, त्याचं त्याला सांगू दे. मामासमोर चौकशी तेवढी नको. एकटा असताना "हा रंग कुठनं आणलास रे" एवढंच विचारा, पोरं तिथनंच बोलायला लागतात.

प्रश्न : वय २०. मला मी मुलगी वाटत नाही, मुलगाही नाही. पण झुमके, ड्रेस आवडतात. ग्रुपमधले म्हणतात, मग कसली नॉनबायनरी, अटेन्शन पाहिजे तुला!

उत्तर : वाचून फार वाईट वाटलं, कारण हा त्रास दोन्हीकडनं होतो, केस कापले की घरचे ओरडणार आणि झुमके घातले की मित्र पुरावा मागणार. झुमके काढून कुणाला काही सिद्ध करू नको. सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायची हे मान्य केलं, आणि ती कपड्यातनं, बोलण्या-वागण्यातनं दाखवणं हा अभिव्यक्तीस्वातंत्र्याचाच भाग धरला. पुढं कधी वेगळं वाटलं तरी तू खोटं बोलत होतीस असं होत नाही.

प्रश्न : नॉनबायनरी फ्रेंडला 'आला' म्हणू की 'आली'?

उत्तर : त्यांनाच विचार. काहीजण 'ते आले' म्हणायला सांगतात. चुकलं तर सॉरी म्हण आणि पुढं बोल.

प्रश्न : लेकरू म्हणतं मी नॉनबायनरी. डॉक्टरकडं नेऊन सरळ होईल का? – वडील, अशोक चौक

उत्तर : दादा, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत लिंगओळखीचा विषय मानसिक विकारांतनं बाहेर काढला. 'सरळ करून देतो' म्हणून उपचार करणं हे नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ पासून डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय, तेव्हा कुणी पॅकेज सांगितलं तर उठून या. पण झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जीव नकोसा झालाय असं बोलत असेल तर त्या त्रासासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडं लगेच न्या. रात्री-अपरात्री सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.