छोटी एसयूव्ही नवी घ्यावी की वापरलेली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलल्यानंतर छोट्या एसयूव्हीविषयी विचारणा करणारी पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येत आहेत. त्यांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. किमती आणि योजना दर महिन्याला बदलतात, म्हणून उत्तरांत भर गाडी पारखण्यावर दिला आहे.

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळीची शेती असून घरात सहा माणसे आहेत. भुसावळ, जळगाव आणि क्वचित पालपर्यंत जाणे धरून महिन्याला सातशे किलोमीटर होतात. बारा लाखांत नवी छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. शोरूमवाले डिझेलचा आग्रह धरतात आणि मुलाला सनरूफ हवे आहे. गाडी शेतातही न्यावी लागते. काय घ्यावे? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : आपल्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे, ती आधी सांगतो. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक या सर्व गाड्यांची नोंदणी पाच आसनांची असते आणि सीटबेल्टही पाचच असतात. घरातील सहाही जण एकत्र प्रवास करण्याचे प्रसंग नेहमीचे असतील, तर हा वर्गच आपल्यासाठी अपुरा आहे. सहावे माणूस मांडीवर बसवून महामार्गावर जाणे धोक्याचे आहे, मग ते लहान मूल का असेना. असे प्रसंग वर्षातून एखाद-दुसऱ्या लग्नापुरतेच येत असतील, तर मात्र पुढे वाचावे.

डिझेलचा हिशेब कागदावर मांडला तर सल्ला कोणाच्या सोयीचा आहे ते लगेच कळते. त्याच मॉडेलची, त्याच सोयींची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा साधारण सव्वा लाखाने महाग पडते असे धरू. शिवाय महाराष्ट्रात खासगी वापराच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, तर डिझेल गाडीला १३ टक्के वाहनकर लागतो. पेट्रोल १०५ रुपये आणि सरासरी १४ किलोमीटर, डिझेल ९२ रुपये आणि सरासरी १८ किलोमीटर धरल्यास किलोमीटरमागे सुमारे दोन रुपये चाळीस पैसे वाचतात. म्हणजे केवळ जादा किंमत भरून निघण्यासाठी गाडी बावन्न हजार किलोमीटर चालावी लागेल, आणि आपल्या वापराने त्याला सहा वर्षांहून अधिक काळ जाईल. महिन्याला अठराशे-दोन हजार किलोमीटर करणाऱ्या व्यापाऱ्याला हीच रक्कम अडीच वर्षांच्या आत परत मिळते. त्याने डिझेलच घ्यावे, आपण घेऊ नये.

यामागे केवळ पैशाचे कारण नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग पंधरा-वीस मिनिटे महामार्गाच्या वेगाने चालावी लागते. घर ते शेत, शेत ते बाजार अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांतच जिचा दिवस जातो, त्या गाडीची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजची वारी सुरू होते.

पेट्रोलमध्येही इंजिन पाहून निवड करावी. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तरच १८ टक्के जीएसटीचा दर मिळतो, डिझेलसाठी ही मर्यादा १५०० सीसी आहे. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे लांबी नियमात बसूनही ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. हा फरक शोरूमच्या किमतीत आधीच धरलेला असतो, म्हणून ब्रेझा नाकारण्याचे हे कारण नव्हे. टर्बो नसलेले मोठे इंजिन मिनिटाला कमी फेऱ्या (आरपीएम) होत असतानाही सलग ओढते, आणि गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला ते सुखाचे वाटते. एक लिटर किंवा १.२ लिटरची टर्बो इंजिने महामार्गावर चपळ असतात, पण त्यांतील काही इंजिने अठराशे फेऱ्यांच्या खाली सुस्त वाटतात. हे माहितीपत्रकात वाचून कळत नाही. चाचणीच्या वेळी घरातील चार जणांना सोबत न्यावे, एसी पूर्ण चालू ठेवावा आणि एखाद्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू नेऊन मग वेग द्यावा. एकट्या सेल्समनला शेजारी बसवून शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेतलेल्या फेरीत सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

चाचणी शक्यतो दुपारी दोनच्या सुमारास घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. गाडी अर्धा तास उन्हात उभी करून मग एसी लावावा, आणि मागच्या सीटवर बसलेल्या ज्येष्ठ माणसाला किती मिनिटांत गार वाटले ते विचारावे. मागच्या सीटसाठी स्वतंत्र एसी व्हेंट असणे आपल्या भागात सनरूफपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. सनरूफमुळे छताखालची उंची थोडी कमी होते आणि काच तापते. तिच्या कडेच्या पन्हळीत धूळ साचून पाणी निघण्याचे मार्ग तुंबले, तर पावसाळ्यात छताचे कापड ओले होते. सनरूफसाठी लागणारी जादा रक्कम सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि चांगल्या टायरवर खर्च करावी. भारत एनकॅपची, म्हणजे अपघातात गाडी किती सुरक्षित राहते याची, चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली असून तिचा निकाल खुला असतो. आपण घेत असलेल्या मॉडेलला तो लागू आहे का, ते पाहावे.

आता शेताविषयी. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) २०८ मिलिमीटर आणि कायलॅकचा १८९ मिलिमीटर असला, तरी वर नावे दिलेल्या सर्व गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या खोबणीत भरला की टायरची पकड जाते, आणि तिथे क्लिअरन्सचे दहा-वीस मिलिमीटर कामाला येत नाहीत. पावसाळ्यात गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करून बांधावरून चालत जाणार असाल तर हरकत नाही. खतांच्या गोण्या घालून वर्षभर शेतरस्त्यानेच जायचे असेल, तर वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो निओ हा वेगळा विचार होऊ शकतो. परंतु २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला एकच तारा मिळाला होता, हे घरच्यांसमोर ठेवून मगच निर्णय घ्यावा. माझे मत विचाराल तर आपल्या वापरासाठी मॅन्युअल गिअरची, मधल्या श्रेणीची पेट्रोल गाडी योग्य आहे.

प्रश्न : मी शहाद्यात शिक्षिका आहे. २०२१ च्या दोन पेट्रोल व्हेन्यू पाहिल्या, दोन्ही मॅन्युअल आहेत. सुरतची जीजे-०५ पासिंगची गाडी ३८ हजार किलोमीटर चाललेली असून एजंट ६ लाख ६० हजार सांगतो. धुळ्याची एमएच-१८ पासिंगची गाडी ६१ हजार किलोमीटर चाललेली असून मालक ७ लाख ४० हजार मागतात. सुरतची घ्यावी असे घरी सर्वांना वाटते. (शिक्षिका, शहादा)

उत्तर : मॅडम, दोन्ही किमतींची तुलना करण्याआधी त्याच श्रेणीची नवी गाडी आज रस्त्यावर कितीला पडते ते शोरूममधून लेखी घ्यावे. विकणाऱ्याने २०२१ मध्ये किती मोजले, याला आता महत्त्व नाही. कर कमी झाल्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण वापरलेल्या गाड्यांचे मालक अजून जुन्याच किमतीचा आधार घेऊन बोलतात. हा कागद समोर ठेवला की बोलणी बरीच खाली येतात.

सुरतच्या गाडीचे ऐंशी हजार वाचतात असे दिसते, पण ते पूर्ण आपल्या हाती राहणार नाहीत. परराज्यातील गाडी आपल्या नावावर करण्यासाठी सुरतच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. त्यानंतर नंदुरबारला महाराष्ट्राचा वाहनकर नव्याने भरून एमएच-३९ चा क्रमांक घ्यावा लागतो. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, तरी इतक्या अलीकडच्या गाडीसाठी तो काही हजारांत भागत नाही. एजंटाचे शुल्क, नवी नंबरप्लेट आणि हेलपाटे धरले तर फरक फारच थोडा उरतो. कर भरणे टाळून जीजे क्रमांकावरच गाडी चालवत राहावी असे कोणी सुचवल्यास ऐकू नये. बारा महिन्यांच्या आत नोंदणी बदलणे कायद्याने बंधनकारक आहे.

मला अधिक काळजी पाण्याची वाटते. सुरतेत पावसाळ्यात खाड्यांचे पाणी अनेक वस्त्यांत शिरते, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकणे कठीण नसते. सुरतची प्रत्येक गाडी अशी असते असे मुळीच नाही, पण तपासणी करायलाच हवी आणि ती आपण स्वतःही करू शकता. सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावेत. गुंडाळलेल्या आतल्या टोकावर मातकट रेषा किंवा वाळलेला गाळ असेल तर गाडीत पाणी शिरले होते. तो भाग कोणी धूत नाही. सीट पुढे सरकवून खालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहावा, डिकीतील स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा पाहावा आणि डॅशबोर्डखाली हात घालून वायरच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते टॉर्चने बघावे. काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली, तर दार उघडताच येणारा कुबट वास अत्तराने लपत नाही.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी टायर पाहावेत. प्रत्येक टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३८ हजार चाललेल्या २०२१ च्या गाडीवर २०२४ चे चारही टायर असतील, तर पहिले इतक्या लवकर का बदलले असे विचारावे, कारण कंपनीचे टायर साधारण चाळीस-पन्नास हजार चालतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि स्टिअरिंगची कातडी चकाकत असेल, तर मीटर मागे फिरवला असण्याची शंका घ्यावी. सर्वांत भरवशाचा पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींचा असतो. मालकाला सोबत नेऊन प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर पाहावेत. ६१ हजार चाललेली, पण सगळ्या नोंदी असलेली गाडी मी ३८ हजारांच्या नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

अपघाताच्या खुणा बॉनेट उघडल्यावर दिसतात. मडगार्डच्या आणि बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी काढलेला आहे. केवळ मडगार्ड बदललेले असल्यास घाबरू नये, पण आतल्या मुख्य पट्ट्यांवर हातोड्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर ती गाडी सोडून द्यावी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल तर कोणीतरी दोष लपवला आहे, असे समजावे. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहायचे आहे असे आदल्या दिवशी सांगावे, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, हे विम्याच्या हप्त्याचा अंदाज घेताना लक्षात ठेवावे. दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात.

या सर्व कसोट्यांना धुळ्याची गाडी उतरली, तर नव्या गाडीची किंमत दाखवून सात लाखांच्या आसपास बोलणी करावीत आणि तीच घ्यावी.

प्रश्न : २०१८ ची डिझेल फोर्ड इकोस्पोर्ट चांगल्या स्थितीत मिळते आहे. कंपनीने भारतातील उत्पादन थांबवले आहे. घेणे शहाणपणाचे ठरेल का? (चाळीसगाव)

उत्तर : फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला, मात्र सेवा आणि सुटे भाग चालू ठेवले. गाडी म्हणून इकोस्पोर्ट भक्कम आहे आणि कन्नडच्या घाटात तिचे डिझेल इंजिन आजही निराश करणार नाही. तेल, फिल्टर, ब्रेक यांची अडचण येत नाही. वाट पाहावी लागते ती दिवे, बंपर, काचा अशा अपघातात मोडणाऱ्या भागांची. जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी पाहावे, आणि तिथे पुढच्या दिव्याची किंमत व तो यायला लागणारे दिवस विचारावेत. या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, आणि तो तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. तो बदलल्याचे बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, तशी ती आपल्याकडे नाही. त्यामुळे नोंदणी २०३३ पर्यंत चालेल. घरात दुसरी गाडी असेल आणि किंमत त्याच वर्षाच्या डिझेल ब्रेझापेक्षा बरीच कमी असेल तर घ्यावी. रोजच्या नोकरीसाठी ही एकमेव गाडी असणार असेल, तर ब्रेझाच पाहावी.