जुलाबात पाणी बंद करायचं का?

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे पाइपलाइन फुटल्यापासून जुलाब-उलट्यांची साथ आलीय, दोघांना कॉलरा निघाला असं आशाताई सांगून गेल्या. सासूबाई म्हणतात पाणी पाजलं की जुलाब वाढतात, पोटाला काही देऊ नका, सरळ सलाइन लावा. खरं काय?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : ताई, पाणी बंद करू नका, अजिबात नाही. कॉलऱ्यात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले की धडधाकट माणूससुद्धा काही तासांत जाऊ शकतो. जंतूच्या विषामुळे आतडं पाणी बाहेर फेकतं, पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र गेलं की तेच आतडं पाणी आत ओढून घेतं. हेच साखर-मिठाचं पाणी म्हणजे ओआरएस. त्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, सासूबाईंना दिसतं ते खरंच आहे, पण माणूस वाचतो.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले आणि तिथे कॉलरा पसरला. हॉस्पिटलच्या फरशीवर माणसं पडलेली, सलाइन लावायचं तर उलटी-जुलाबातच गुडघे टेकून बसावं लागायचं, आणि सलाइनचा साठाही संपत आलेला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते ड्रममध्ये भरलं, नातेवाईकच पेल्याने पाजत बसले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं! त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, तेही मरणोत्तर, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता घरचं. ओआरएसचं एक लिटरचं अख्खं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एकदमच टाका, अर्धं-अर्धं नको. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने सुरू करा. बाळाचं अंगावरचं दूध चालूच ठेवा, कोल्ड्रिंक नको.

पण डोळे खोल गेले, पेशंट गुंगीत जायला लागला, पिताच येईना, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर मात्र एक मिनिट घालवू नका, तिथे सलाइनच पाहिजे आणि भरपूर पाहिजे. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे १०० मिली, म्हणजे ५० किलोच्या माणसाला तीन तासांत ५ लिटर रिंगर लॅक्टेट (हा सलाइनचाच एक प्रकार), पहिला मोठा भाग तर अर्ध्या तासातच. एक बाटली लावून घरी पाठवलं तर पेशंट परत ढासळतो, म्हणून तिथे अडून बसा, विचारा. पिता यायला लागलं की सोबत ओआरएस चालू. अँटिबायोटिक द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील, पण त्याच्यासाठी पाणी थांबवू नका.

हॉस्पिटलला नेतानासुद्धा, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर, गाडीत पाजत पाजत न्या. आशाताईंकडून पाकिटं आजच आणून ठेवा, हा त्रास रात्रीही सुरू होऊ शकतो आणि तेव्हा मेडिकल बंद असतं.