वाचकांचे प्रश्न : लवारकाठचे राजवाडे आणि द्राक्षमळे

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त पॅरिसला असते. येत्या सप्टेंबरात मी आणि माझी पत्नी तिच्याकडे जाणार आहोत व त्यातले पाच दिवस लवार नदीच्या खोऱ्यासाठी राखून ठेवले आहेत. पन्हाळा, विशाळगड, रांगणा हे गड मी अनेकदा पायी फिरलो आहे; त्यामुळे तिकडचे किल्ले पाहण्याची उत्सुकता मोठी आहे. मात्र हा प्रदेश वाइनसाठीही तितकाच प्रसिद्ध आहे, असे मुलगी सांगते. पत्नी मद्याला स्पर्शही करत नाही. तिने द्राक्षमळ्यांत येण्यात काही अर्थ आहे का? किती किल्ले पाहावेत? मोटार भाड्याने घ्यावी का?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सर, प्रथम ‘किल्ला’ या शब्दाविषयी लिहितो, कारण आपल्याकडच्या गडप्रेमी माणसाची निराशा होते ती इथेच. फ्रेंच लोक ज्याला ‘शातो’ म्हणतात त्यात लढाऊ गडही येतो, राजाचा विलासी वाडाही येतो आणि द्राक्षमळ्याच्या मालकाचे घरही येते. लवारकाठची जी नावे आपल्या कानावर येतात, ती बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या राजवाड्यांची आहेत. शत्रू अडवण्यासाठी नव्हे, तर शिकार, मेजवान्या आणि दरबारी थाट यांसाठी ते बांधले गेले. तीन दरवाजाची किंवा अंबरखान्याची अपेक्षा मनात धरून गेलात, तर शांबोर या राजवाड्याचे भव्य छप्पर पाहूनही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटेल. आपल्यासारख्यांनी एक दिवस आंजेसाठी अवश्य द्यावा. तेराव्या शतकातल्या त्या किल्ल्याला काळसर दगडाचे सतरा बुरूज आहेत, आणि ते पाहताना घरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ते दूर वाटल्यास लॉश येथील अकराव्या शतकातला, सुमारे ३६ मीटर उंचीचा चौकोनी मनोरा पाहावा.

बाकीचे वाडे मात्र एका वेगळ्या दगडाचे आहेत, आणि मला सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण हात लावताच थंड आणि कठीण लागतो. लवारकाठचा ‘तुफो’ हा चुनखडीचा दगड याच्या अगदी उलट, इतका मऊ की नुसते बोट फिरवले तरी पांढरी भुकटी हाताला लागते. तो कापायला सोपा आणि नदीतून नावांवर लादून न्यायला सोयीचा होता, म्हणून इथले कारागीर खिडक्यांभोवती इतकी नाजूक नक्षी कोरू शकले. हा दगड नदीकाठच्या टेकड्या पोखरून काढला गेला आणि मागे लांबच लांब भुयारे उरली. पुढे त्याच भुयारांत शेतकऱ्यांनी वाइनची पिंपे ठेवली, कारण उन्हाळा असो वा हिवाळा, आतले तापमान साधारण १२ अंशांच्या आसपास टिकते. वाडा आणि वाइन ही एकाच टेकडीची दोन अंगे आहेत, आणि एक पाहून दुसरे टाळले तर प्रवास अर्धाच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच आपल्या पत्नीने अवश्य यावे. व्हुव्रे गावातल्या अशा एका तळघरात मी उतरलो, तेव्हा सर्वांत अधिक लक्षात राहिल्या त्या भिंतींवरच्या तिरक्या छिन्नीच्या रेघा. कंदिलासारख्या मंद दिव्याखाली त्या रेघा ओल्या दिसत होत्या आणि वास ओल्या मातीचा व आंबलेल्या फळाचा होता. तिथे पिण्याची सक्ती कोणी करत नाही. चव घेऊन वाइन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेलेच असते आणि जाणकार मंडळीही त्याचा उपयोग करतात. नुसते पाहायला आलो आहोत, असे नम्रपणे सांगितले की पुरे. सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे काही आठवडे द्राक्षतोडणीची धांदल असते. तेव्हा शेतकऱ्याला सवड नसते, म्हणून मुलीला आधी दूरध्वनी करून वेळ ठरवायला सांगा. आपल्याकडे गुऱ्हाळ सुरू असताना न विचारता आत शिरणे जितके अयोग्य, तितकेच ते तिथेही आहे. व्हिलांद्री या वाड्याची बाग तर त्यांना नक्की आवडेल. तिथे नऊ चौकोनांत भाज्या अशा लावल्या आहेत की कोबी आणि पालेभाज्यांची रांगोळीच वाटावी.

पाच दिवसांत पाच-सहा वाडे पुष्कळ झाले. पहिल्या खेपेस मी एका दिवसात चार पाहिले आणि रात्री कोणता जिना कोणत्या वाड्यातला हे मला आठवेना. ती चूक आपण करू नये. शनोंसोला मात्र अर्धा दिवस द्या. हा वाडा शेर नदीच्या पात्रावरच उभा आहे. राजा दुसऱ्या आंरीने तो आपल्या प्रिय दियान द प्वातिएला दिला आणि तिने नदीवर पूल बांधला. १५५९ साली राजा मरण पावल्यावर राणी कातरीन द मेदिचीने तो तिच्याकडून काढून घेतला आणि त्याच पुलावर लांबलचक दालन उभारले. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त भागाची सीमा याच नदीवरून गेली, तेव्हा दालनाचे एक दार व्याप्त प्रदेशात आणि दुसरे मुक्त प्रदेशात उघडत असे. त्या दालनातून चालताना खालून वाहणारे पाणी खिडकीतून दिसते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घाईने जाऊ नका.

शांबोरचे काम १५१९ साली फ्रांस्वा पहिला याने सुरू केले. तिथला दुपेडी जिना असा आहे की चढणारा आणि उतरणारा एकमेकांना दिसतात, पण त्यांची गाठ पडत नाही. त्याच वर्षी २ मे रोजी लिओनार्दो दा व्हिंची शेजारच्या आंब्वाझ गावी निवर्तला. राजाने त्याला राहायला दिलेले घर आणि वाड्याच्या आवारातल्या छोट्या देवळातली त्याची समाधी, दोन्ही एका सकाळी पाहून होतात.

मोटारीची गरज नाही. पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून वेगवान गाडीने तूर या शहरी सुमारे सव्वा तासात पोहोचता येते. मुक्काम तूरलाच ठेवावा. तिथून आंब्वाझ, शनोंसो, शिनों, सोम्यूर आणि आंजे या सर्व ठिकाणी रेल्वे जाते, आणि शनोंसोचे स्थानक वाड्याच्या फाटकाजवळच आहे. शांबोरसाठी ब्ल्वापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घ्यावी. ती हंगामापुरतीच धावते, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवा. मळ्यांत वाइनची चव घ्यायची असेल त्या दिवशी तर मुलीनेही गाडी चालवू नये.

प्रश्न : लवारची वाइन घरी आणायची असल्यास किती बाटल्या आणता येतात, आणि कोणती निवडावी?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे माणशी दोन बाटल्या बसतात, तिसरीवर शुल्क भरावे लागते. त्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घालाव्यात. माझी निवड व्हुव्रेची पांढरी वाइन. शनें या एकाच द्राक्षापासून तिथे कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही प्रकारच्या वाइन होतात, त्यामुळे चिठ्ठी वाचूनच घ्यावी : ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘मोएलू’ म्हणजे गोड. चांगल्या वर्षाची गोड बाटली अनेक दशके टिकते, पण ती त्या थंड भुयारात. चैत्र-वैशाखातल्या आपल्या माळ्यावर ती एका उन्हाळ्यात बिघडेल, तेव्हा घरी आणल्यावर थंडी सरायच्या आत उघडावी.